मिस्टर मागून येताहेत

माजिवडा नाक्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. समोर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले तेव्हापासून बसथांबा कधी इकडे तर कधी तिकडे, त्यामुळे भिवंडी-नाशिककडे जाणारी बरीच माणसं चौकशीला माझ्याच काउंटरवर येतात. कुणाला पाणी हवं असतं, कुणाला मोबाइल पाच मिनिटं चार्जिंगला लावायचा असतो, कुणाला लेकराला घेऊन जरा पंख्याखाली टेकायचं असतं. मी कुणाला नाही म्हणत नाही. आणि यातली बरीच माणसं जाता जाता माझ्याशी काहीतरी खोटं बोलून जातात.

बुडवणारं खोटं नव्हे. उन्हात सुकून आलेल्या माणसाला चहा विचारावा तर तो म्हणतो, "आत्ताच झाला." रस्ता समजावून सांगावा, त्याने "हो हो, कळलं" म्हणावं आणि नेमकं उलट्या बाजूला चालू लागावं. एका मुलाला मी बायोडाटा छापून दिला, पैसे घेतले नाहीत, वर "झालं की सांग रे" म्हटलं. संध्याकाळी तो आवर्जून आला आणि म्हणाला, "झालं काका, सोमवारपासून बोलावलंय." मी खूश. नंतर एकदा पाहतो तर हाच मुलगा पलीकडच्या दुकानात उभा, हातात तोच बायोडाटा. नोकरी लागलीच नव्हती. मला वाईट वाटू नये म्हणून तो खोटं बोलला आणि त्या खोट्यापायी माझ्या दुकानाची पायरीच त्याला बंद झाली.

ओळखपाळख नसलेल्या माणसाने आपलं भलं करावं आणि आपण त्याच्याशी खोटं बोलावं, ही गोष्ट इतकी साधी आहे की तिचा कुणी हिशेब ठेवत नाही. अमेरिकेत बेला डिपाउलो या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मात्र तो ठेवून पाहिला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७७ कॉलेजविद्यार्थी आणि ७० इतर नागरिकांनी आठवडाभर आपापल्या खोट्याची डायरी लिहिली. विद्यार्थ्यांचं दिवसाला साधारण दोनदा खोटं बोलून झालं, इतरांचं एकदा. बहुतेकांनी सांगितलं, त्यात गंभीर काही नव्हतं, पकडले जाण्याची भीतीही नव्हती. तरीसुद्धा ज्या गप्पांत खोटं आलं, त्या गप्पा त्यांना कमी गोड आणि कमी जवळिकीच्या वाटल्या. बाईंनी पुढे आणखी एक फरक दाखवला. जवळच्या माणसाशी आपण बोलतो त्या खोट्यात त्याचं मन राखणारं खोटं जास्त असतं. परक्याशी बोलताना आपली स्वतःची बाजू सांभाळणारं खोटं वाढतं. २००२ साली रॉबर्ट फेल्डमन यांनी अनोळखी माणसांच्या जोड्या दहा मिनिटं गप्पा मारायला बसवल्या आणि मग त्यांना त्यांचंच चित्रीकरण दाखवलं. साठ टक्के लोकांनी कबूल केलं की त्या दहा मिनिटांत आपण एकदा तरी खोटं बोललो. पडद्यावर बघेपर्यंत आपण इतकं बोललो असू असं अनेकांना वाटलंही नव्हतं.

(या विषयातल्या संशोधनावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हेही सांगतो. मी दिवसभर स्वयंघोषणापत्रं भरून देतो. 'वरील माहिती खरी आहे' असं लिहून सही तळाशी. २०१२ साली एका नामांकित शोधनिबंधात म्हटलं होतं की हीच सही फॉर्मच्या सुरुवातीला घेतली तर माणसं जास्त खरं लिहितात. जगभर त्याचा गवगवा झाला. २०२० मध्ये त्याच संशोधकांनी प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला तर फरक पडेना, आणि २०२१ मध्ये मूळ निबंधातली काही आकडेवारीच बनावट निघाली. प्रामाणिकपणावरचा निबंध मागे घ्यावा लागला. आमच्याकडे सही अजून तळाशीच आहे.)

हे सगळं मी वाचायला लागलो ते माझ्या मावसबहिणीमुळे.

२६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मुंबई-ठाण्यातल्या प्रत्येक घरात त्या दिवसाची एक गोष्ट असते. राज्यात हजारावर माणसं गेली, त्यांच्या घरात ती वेगळी असते. बहीण तेव्हा तेवीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, सायनला एका ऑफिसात कामाला. मावशीचं घर माजिवड्याच्या गावठाणात. गाड्या बंद, फोन लागेना. ईस्टर्न एक्सप्रेस हायवे सायनकडून सरळ आमच्या माजिवड्याकडेच येतो. रस्ता चुकायचा प्रश्न नव्हता, वीसेक किलोमीटर चालायचं होतं, एवढंच. ती निघाली. हजारो माणसं चालत होती. वाटेत वस्त्यावस्त्यांतून लोक रस्त्यावर येऊन चहा-बिस्किटं वाटत होते, दोऱ्या धरून उभे होते. विक्रोळीला कन्नमवारनगरापाशी पोचेपर्यंत अंधार पडला होता आणि तिची एक चप्पल केव्हाच वाहून गेली होती.

तिथे बिस्किटं वाटणाऱ्या एका काकूंनी तिचा दंडच धरला. "अनवाणी कुठे निघालीस काळोखात? घरी चल, सकाळी जा." बरोबर त्यांचे यजमान. जिना चढताना काकांनी सहज विचारलं, "एकटीच आहेस का गं?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही, मिस्टर मागून येताहेत."

हे वाक्य कुठल्याही मुलीला समजावून सांगावं लागत नाही. अनोळखी जिना, अनोळखी माणूस, बाहेर काळोख. आपल्यामागे कुणीतरी आहे, एवढंच तिला कळवायचं होतं. पण वाक्य सुटलं आणि कामाला लागलं. काकूंनी कोरडी साडी दिली, तिचं डोकं पुसलं, पिठलं-भात टाकला. गळ्याकडे बघून "मंगळसूत्र?" म्हणाल्या. हिने सांगितलं, गर्दीत नको म्हणून पर्समध्ये ठेवलंय. "हो का," म्हणाल्या आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पानं घेतली ती चार. चौथं झाकून ठेवलं.

मग काका उठले आणि खुंटीवरचा रेनकोट काढला. "कसे दिसतात मिस्टर? शर्ट कुठला?" ती म्हणाली, निळा. चष्मा आहे. "नाव?" ती म्हणाली, संजय. काका टॉर्च घेऊन हायवेला गेले. तासाभराने कमरेपर्यंत भिजून परत आले, चहा घेतला आणि पुन्हा गेले. माणसांच्या लोंढ्यात टॉर्च मारून "संजय! अहो संजय!" अशा हाका मारत साठीचा माणूस उभा राहिला, कधी जन्मालाच न आलेल्या जावयासाठी. दुसऱ्या खेपेला येऊन म्हणाले, "निळ्या शर्टाचे बरेच होते, पण तुझे नव्हते. काळजी करू नको, कुणीतरी घरात घेतलं असेल."

बहीण मला म्हणाली होती, "दादा, जिन्यातलं वाक्य मी आजही तसंच बोलेन. त्याचं मला काही वाटत नाही. पण काकूंनी पान झाकलं तेव्हा मला सांगता आलं असतं. काका रेनकोट घालत होते तेव्हा तर नक्कीच. ते बाहेर गेले आणि मी भात खात बसले."

टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या संशोधकांनी १९९५ साली पश्चात्तापावर एक गाजलेला निबंध लिहिला. केलेल्या चुकीची बोच सुरुवातीला तीव्र असते, पण काळ जाईल तसं जे करायला हवं होतं आणि केलं नाही, तेच माणसाला जास्त सतावतं, असं त्यांचं म्हणणं. बोललेलं खोटं ही केलेली गोष्ट झाली. ते मागे न घेणं ही न केलेली, आणि ती करायची संधी दर पाच मिनिटांनी समोर येऊन जाते. गुपितांवर काम करणारे मायकेल स्लेपियन सांगतात की गुपित लपवण्याचे प्रसंग फार थोडे येतात, खरा त्रास देतं ते मन एकटं असताना पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन बसणं. आमच्या बहिणीचं मन पाऊस लागला की विक्रोळीला जाऊन बसतं.

भलं करणाऱ्या परक्याशी बोललेल्या खोट्याची सगळ्यात ठसठशीत कबुली आपल्या देशात एका जगप्रसिद्ध माणसाने लिहून ठेवली आहे. १८८८ च्या सप्टेंबरात मोहनदास गांधी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा ते विवाहित होते आणि एका मुलाचे वडील होते. तिकडे शिकणारी मुलं अविवाहित असायची, म्हणून लग्न झालेली हिंदी मुलं ते सांगायला लाजत. लग्नाचं कळलं तर ओळखीच्या घरातल्या तरुण मुलींबरोबर फिरणं-बोलणं थांबेल, हेही एक कारण होतं. ते त्यांनी आत्मकथेत लपवलेलं नाही. ब्रायटनच्या एका हॉटेलात ते जेवायला बसले. खाद्यपदार्थांची यादी फ्रेंचमध्ये. यातलं शाकाहारी कुठलं ते कळेना. त्याच टेबलावर एक वृद्ध विधवा बाई होत्या. मुलगा बावरलाय हे ओळखून त्या आपणहून मदतीला आल्या, यादी समजावून सांगितली. ओळख वाढली. लंडनला परतल्यावर त्यांनी दर रविवारी जेवायला यायचं आमंत्रण दिलं. भिडस्त मुलाची भीड मोडावी म्हणून त्या तरुण मुलींशी त्याच्या ओळखी करून देत. त्यांच्याच घरी राहणाऱ्या एका मुलीशी त्याला गप्पा मारत बसवून आपण बाजूला होत. गांधी आधी अवघडत, मग रविवारची वाट बघू लागले. आणि बाईंच्या मनात आपल्या दोघांबद्दल काही आहे की काय, अशी शंका यायला लागली तेव्हा घाबरले.

त्यांनी पत्र लिहिलं. ब्रायटनच्या दिवसापासून तुम्ही आईसारखी माया केलीत, पण माझं लहानपणीच लग्न झालंय, मला मुलगा आहे, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. आता घरी बोलावू नयेसं वाटलं तरी मी मनाला लावून घेणार नाही, असा त्याचा आशय. या पत्राबद्दलचा बारीक तपशील मला फार आवडतो. असं पत्र एका बैठकीत लिहून झालं नसणार, खर्ड्यावर खर्डे केले असणार, असं ते स्वतःच म्हणतात. माझ्या दुकानात माफीचा अर्ज टाइप करून घेणारेही तसेच. तिसऱ्या ओळीवर येऊन थांबतात.

बाईंचं उत्तर जवळजवळ उलट टपाली आलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो, रविवारी जेवायला या, आणि तुमच्या त्या बालविवाहाची गंमत आम्हाला ऐकायची आहे. एवढंच. ज्या संकटासाठी त्या मुलाने खर्डे फाडले, ते संकट समोरच्या घरात नव्हतंच. एमा लेविन आणि टाया कोहेन या संशोधक बाईंनी २०१८ साली हेच लोकांना प्रत्यक्ष खरं बोलायला लावून पडताळलं. खरं बोलल्यावर नात्याचं किती वाटोळं होईल याचा माणसाचा अंदाज नेहमी फुगलेला असतो, असं त्यांना दिसलं.

पण इथे थांबलं तर ते फार सोपं होईल. खरं बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणीत १९०१ चा एक प्रवास लिहिला आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार. त्यांना भेटायला साताऱ्याहून निघालेली चार मुलं मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. मुलांचे कपडे चांगले. स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करू लागले. नऊ-दहा वर्षांच्या भीमरावाने विचार न करता खरं ते सांगितलं, आम्ही महार. मास्तरांचा चेहरा क्षणात बदलला आणि ते निघून गेले. पुढे रात्री बैलगाडी जकातनाक्याला आली. मुलांजवळ खायला होतं, पाणी नव्हतं. गाडीवानाने शिकवलं, मुसलमान आहोत म्हणून सांगा. भीमरावाने उर्दूत तसं सांगितलं. नाकेदाराने तरीही पाणी दिलं नाही. मुलं अन्न जवळ असून उपाशी झोपली.

खरं सांगितलं तर मायेचा चेहरा गेला, खोटं सांगितलं तर पाणीही मिळालं नाही. या खोट्याचा पश्चात्ताप त्या मुलाने का करावा? लहानसहान खोट्याबद्दल मुलांना रागे भरताना मला हा जकातनाका आठवतो. भीतीने बोललेलं खोटं आणि सोयीने बोललेलं खोटं एकाच तागडीत घालू नये. बहिणीचं जिन्यातलं वाक्य भीतीचं होतं. पानं वाढल्यानंतरचं तिचं गप्प बसणं सोयीचं होतं, असं ती म्हणते. मी म्हणत नाही.

२००७ साली तिचं लग्न झालं. त्या दिवाळीत तिने ती साडी धुऊन, इस्त्री करून, पेढे आणि ब्लाउजपीस घेऊन कन्नमवारनगर गाठलं. सगळं सांगून टाकायचं, असं नवऱ्याला वाटेत शिकवून ठेवलं होतं. नवऱ्याचं नाव संजय नाही. २६ जुलैला तो सांगलीला होता. पण चष्मा मात्र खरोखरच आहे.

दार काकांनी उघडलं. हिला ओळखलं, मग मागे बघितलं आणि ओरडले, "अगं ये, बघ कोण आलंय! संजयराव! पोचलात ना अखेर!" त्यांनी जावयाचे दोन्ही हात धरले. कुठे अडकला होतात, आम्ही किती हाका मारल्या. आणि आमच्या मेहुण्याने, ज्याने आयुष्यात रिक्षावाल्याला सुट्ट्याबद्दलही खोटं सांगितलेलं नाही, मान डोलावली. "भांडुपला एका देवळात होतो काका."

"मला राहवलं नाही," तो नंतर म्हणाला. "म्हातारा इतका खुलला होता." डिपाउलोबाईंच्या डायरीत हे मन राखणाऱ्या खोट्यात गेलं असतं. बहिणीने रेल्वे स्टेशनपर्यंत त्याच्याशी अबोला धरला. तेव्हापासून दर दिवाळीला फराळ जातो, काकूंकडून गव्हाच्या कुरडया येतात, आणि कन्नमवारनगरात तो संजय आहे.

माझी बायको म्हणते, सांगून टाका; काकू हसतील, गांधींच्या त्या बाई हसल्या तशा. बहीण म्हणते, वहिनी, सांगून मला मोकळं वाटेल, पण काकांचा तो टॉर्च कुठे जाईल? माझं मत बहिणीच्या बाजूचं आहे, पण पूर्ण नाही. कबुली ज्याच्याजवळ द्यायची त्याला तिचा उपयोग आहे का, हे आधी बघावं. काकांना नसेल. काकूंना मात्र ती लागणारच नाही, असा मला दाट संशय आहे. लग्न झालेल्या बाईचा गळा कसा दिसतो, हे त्यांना ठाऊक नसेल का?

मागे बहिणीने घोडबंदर रोडला घर घेतलं. वास्तुशांत झाली, सत्यनारायण घातला, काका-काकूंना आग्रहाने बोलावलं. गुरुजींची पोथी चौथ्या अध्यायावर आली. साधुवाणी आणि त्याचा जावई नौका घेऊन निघालेत. दंडी संन्यासी येऊन सहज विचारतो, नौकेत काय आहे? साधुवाणी टाळायला सांगतो, वेली आणि पानं. आणि नौकेत खरोखरच वेली-पानं होतात. ही कथा प्रत्येकाने इतक्यांदा ऐकलेली असते की या ठिकाणी लोक प्रसादाच्या वाट्या मोजत असतात. बहीण मात्र पाटावर एकदम ताठ झाली आणि मेहुणा चष्मा पुसायला लागला.

जेवणं झाल्यावर काकांनी गोष्ट काढली. वीसेक माणसं भोवती. आता तिच्यात पाणी छातीपर्यंत आलं होतं, टॉर्चचे सेल संपले होते, आणि पेट्रोल पंपापाशी त्यांनी निळ्या शर्टातल्या जावयाला पाठमोरं पाहिलंही होतं, दहा पावलांवरून हुकलं. "विचारा, विचारा यांना," काका म्हणाले. सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. "हो, मीही कुणाची तरी हाक ऐकली होती," तो म्हणाला. काकू पदराआड खोकल्या. कोपऱ्यातून मेहुण्याची सख्खी आत्या, सांगलीची, ऐकू कमी येतं तिला, मोठ्याने विचारत होती, "संजय कोण?"